आधी रक्त मोजा

बाळंतपणातल्या कुठल्या संकटात बाईच्या हाताशी किती वेळ असतो, याचा एक ढोबळ हिशेब मातृआरोग्याच्या क्षेत्रात बरीच वर्षं वापरला जातो. उपचार मिळालेच नाहीत तर जंतुसंसर्गात साधारण सहा दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस, रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर दोन दिवस, गर्भाशय फाटलं तर एक दिवस, बाळ जन्मण्याआधी रक्तस्राव झाला तर बारा तास. आणि बाळ जन्मल्यावर रक्त वाहू लागलं तर दोन तास. सहा दिवसांत, अगदी एका दिवसातही, बाईला मोठ्या रुग्णालयात नेता येतं. दोन तासांत अनेक ठिकाणी गाडीसुद्धा दारात येत नाही. त्यामुळे या एका संकटाचा निकाल बाई जिथे बाळंत झाली तिथेच, त्याच खाटेवर, तिथे हजर असलेल्या माणसांच्या हातून लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणाशी किंवा बाळंतपणाशी संबंधित कारणांनी दगावल्या. दर लाख जिवंत जन्मांमागे १९७. हा आकडा २०३० पर्यंत ७० च्या खाली आणायचं ठरलेलं आहे. यातले बहुसंख्य मृत्यू गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, आणि कारणांमध्ये सर्वांत मोठा वाटा रक्तस्रावाचा. या देशांनी गेली दोन दशकं एकाच मंत्रावर भर दिला: बाईला दवाखान्यात आणा. त्यासाठी रोख मदत दिली, गाड्या दिल्या, गावोगावी कार्यकर्त्या नेमल्या. ‘संस्थात्मक प्रसूतीची टक्केवारी’ हा आकडा प्रत्येक सरकारी अहवालाच्या पहिल्या पानावर गेला. त्याने एका टप्प्यापर्यंत काम केलं हे मान्य. पण आता तोच आकडा खरी गोष्ट झाकायला लागला आहे. तो बाई कोणत्या इमारतीत बाळंत झाली हे सांगतो, तिथे तिच्यासाठी काय झालं हे सांगत नाही. मातृमृत्यू आणखी खाली आणायचे असतील तर पैसा, लक्ष आणि मोजमाप हे तिन्ही लेबर रूमच्या आत न्यावे लागतील. सुरुवात करायची तर रक्त मोजण्यापासून.

कोलंबिया विद्यापीठातल्या थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली ‘तीन विलंबां’ची मांडणी केली. मदत घ्यायची हे घरात ठरायला होणारा उशीर, दवाखान्यापर्यंत पोचायला होणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला होणारा उशीर. रोख मदत आणि गाडी पहिल्या दोन विलंबांवरचा इलाज आहे. तिसऱ्यावर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. उलट गर्दी वाढली आणि हात तेवढेच राहिले, तर तिसरा विलंब वाढतो. पूर्वी घरी दगावणारी बाई आता दवाखान्याच्या खाटेवर दगावते, आणि अहवालात मात्र ती ‘संस्थात्मक प्रसूती’ म्हणून यशाच्या रकान्यात जमा झालेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २९ देशांतल्या ३५७ रुग्णालयांमध्ये ३ लाखांहून अधिक बायकांची माहिती गोळा केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एक गोष्ट अनेकांना खटकली. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट, प्रतिजैविकं ही आवश्यक औषधं जिथे जवळपास सगळ्यांना मिळत होती, तिथेही मृत्यूंचं प्रमाण त्या हिशेबात कमी दिसत नव्हतं. औषध ‘दिलं’ या नोंदीत ते किती वाजता दिलं, ते बिघडलेलं होतं का, आणि त्यानंतर बाईकडे कुणी फिरून पाहिलं का, हे काहीच येत नाही. आणि फरक नेमका तिथेच पडतो.

रक्त का वाहतं, ते आधी पाहू. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं. वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची उघडी तोंडं राहतात. ती बंद करायला टाके नसतात, शरीराने दुसरीच सोय केलेली असते. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे या वाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. गर्भाशय आकसलं की ते धागे वाहिन्या आवळून टाकतात. गर्भाशय सैल राहिलं तर आवळायला कुणीच नाही. रक्तस्रावाच्या दहापैकी साधारण सात घटनांत कारण हेच असतं. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत अडकलेला असतो, गर्भाशयमुख किंवा योनिमार्ग फाटलेला असतो, नाहीतर रक्त गोठण्यातच दोष असतो.

आता लेबर रूममध्ये काय घडतं ते पाहा. बाळ जन्मलं, रडलं, सगळ्यांचं लक्ष तिकडे. बाईच्या खालून जाणारं रक्त गर्भजलात मिसळतं, चादरीत मुरतं, लादीवर सांडतं, बादलीत जमतं. मग कुणीतरी वहीत ‘रक्तस्राव: सामान्य’ असं लिहितं. नजरेने केलेला अंदाज चुकतो, आणि जितकं जास्त रक्त गेलं असेल तितका तो खालच्या बाजूला चुकतो. अनुभवी डॉक्टरांचाही चुकतो. प्रशिक्षणानंतर काही काळ सुधारतो आणि पुन्हा पूर्वपदावर येतो. शिवाय बाईचं शरीरही फसवतं. तरुण, निरोगी गरोदर बाईचा रक्तदाब एक लिटरहून अधिक रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतो. मग एकदम कोसळतो. रक्तदाब पडायची वाट पाहणारा माणूस बहुतेक वेळा उशीरच करत असतो. नाडी त्यामानाने लवकर बोलते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीला आला, की बाई धोक्यात आहे असं धरून चालायचं.

त्यात जिचं हिमोग्लोबिन आधीच ७ किंवा ८ आहे, तिला हे गणित आणखी महाग पडतं. सुदृढ बाई जेवढं रक्त गमावून दुसऱ्या दिवशी चालत घरी जाईल, तेवढ्यात रक्तक्षय असलेल्या बाईचं हृदय थकतं. म्हणून लोहाच्या गोळ्या हा रक्तस्रावाच्या तयारीचाच भाग आहे. गोळ्या ‘वाटल्या’ गेल्या याला मात्र अर्थ नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठतेमुळे त्या कपाटात पडून राहतात. बाईला त्रास होतोय का हे विचारणं, गोळीची वेळ बदलून देणं आणि दिवस जवळ आले असतील तर शिरेतून लोह देणं, ही कामं गोळ्यांच्या पाकिटासोबत आपोआप होत नाहीत.

मोजायचं कसं? उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. पारदर्शक प्लास्टिकचं एक कापड, खालच्या टोकाला निमुळती झोळी, झोळीवर मिलिलिटरच्या रेघा. बाळ जन्मल्याबरोबर, गर्भजल वाहून गेल्यावर, ते बाईच्या कमरेखाली सरकवायचं म्हणजे पाणी मोजणीत येत नाही. तासभर तसंच ठेवायचं, रक्त थांबलं नसेल तर दोन तास. या झोळीचा एक सुरुवातीचा नमुना बेळगावच्या संशोधनातून आलेला आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही. झोळी नसेल तर भिजलेली कापडं तोलायची, कोरड्या कापडाचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो.

या झोळीने काय होतं, ते २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत दिसलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया या देशांतली ८० रुग्णालयं, २ लाखांहून अधिक योनिमार्गे झालेली बाळंतपणं. निम्म्या रुग्णालयांत रेघांची झोळी आणि उपचारांचा एक ठरलेला संच दिला, निम्म्यांत नेहमीची पद्धत चालू ठेवली. नेहमीच्या पद्धतीत ५०० मिलिलिटरच्या वरचा रक्तस्राव ओळखला गेला तो ५१ टक्के वेळा. नव्या पद्धतीत ९३ टक्के. ठरलेले सगळे उपचार मिळाले ते पहिल्या गटात १९ टक्के बायकांना, दुसऱ्या गटात ९१ टक्क्यांना. एक लिटरच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू होणं, या तिन्हींचं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यात एक बारकावा आहे आणि धोरण ठरवणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा असा आहे. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांतही अभ्यासाच्या नोंदीसाठी झोळी होतीच. फक्त तिच्यावर रेघा नव्हत्या. म्हणजे प्लास्टिक दोन्हीकडे होतं. एकीकडे रेघा होत्या, आणि रक्त रेघेपर्यंत आलं की कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं.

ते ठरलेलं काय, हेही सांगायला हवं. रक्त ५०० मिलिलिटरच्या रेघेला टेकलं की, किंवा ३०० ओलांडून नाडी, रक्तदाब अथवा रक्ताची धार यांपैकी काही बिघडलेलं दिसलं की, उपचार सुरू करायचे. पोटावरून गर्भाशय चोळून आकसवायचं. ऑक्सिटोसिन १० युनिट शिरेतून, मग सलाईनमधून पुढचे २० युनिट चार तासांत. रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रानेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत. सलाईन. मूत्राशय रिकामं आहे का, वार पूर्ण आली का, कुठे फाटलंय का, हे डोळ्यांनी आणि हातांनी तपासायचं. रक्त थांबलं नाही तर वरच्या डॉक्टरांना हाक. मुद्दा असा की हे सगळं पंधरा मिनिटांत, एकत्र करायचं. बहुतेक ठिकाणी शिकवलेली सवय उलटी आहे: आधी ऑक्सिटोसिन, मग वाट पाहा, मग दुसरं औषध, मग पुन्हा वाट पाहा. या प्रत्येक वाट पाहण्यात अर्धा तास जातो, आणि हाताशी असतात दोन तास.

ट्रानेक्झामिक ॲसिडबद्दल तर उशिराची किंमत आकड्यात माहीत आहे. २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वुमन’ चाचणीत, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत ते दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. तीन तासांनंतर फायदा दिसला नाही. मधल्या दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. हे औषध महाग नाही आणि त्याला फ्रिज लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी ते शस्त्रक्रियागृहाच्या कुलूपबंद कपाटात असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो रात्री घरी असतो. रक्तस्रावाचं सगळं साहित्य एका डब्यात, खाटेपासून चार पावलांवर, कुलूप न लावता ठेवणं हा शून्य खर्चाचा सुधार आहे. औषधाचा हिशेब लागणार नाही म्हणून भांडारपाल विरोध करतो. त्याला लेखी आदेश लागतो, आणि तो आदेश कुणीतरी काढावा लागतो.

ऑक्सिटोसिनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. प्रत्येक बाईला बाळ जन्मल्यावर मिनिटभरात १० युनिट दंडात किंवा मांडीत द्यायचं, हा जगभरचा नियम आहे. पण हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. लसींची शीतसाखळी बहुतेक देशांनी मेहनतीने उभी केली. त्याच फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनला मात्र जागा नसते, कारण लस एका कार्यक्रमाची आणि ऑक्सिटोसिन दुसऱ्या. ते खिडकीतल्या ट्रेमध्ये पडून राहतं. बिघडलेलं ऑक्सिटोसिन रंग बदलत नाही, वास येत नाही. नर्स इंजेक्शन देते, गर्भाशय आकसत नाही, आणि तिला वाटतं की बाईचंच शरीर साथ देत नाही. फ्रिजची खात्री नसेल तिथे उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हा पर्याय आहे. २०१८ च्या मोठ्या चाचणीत रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. ते फक्त बाळ जन्मल्यावरच द्यायचं. फ्रिजही नाही आणि सुई देणारंही कुणी नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आहेत. त्याने थंडी वाजते, ताप येतो, पण रक्त आटोक्यात राहतं.

याच औषधाचा दुसरा चेहराही आहे. बाळंतपण लवकर उरकावं म्हणून बाळ जन्मण्याआधीच, मोजमाप न करता, ऑक्सिटोसिनची सुई टोचणं अनेक देशांत सर्रास चालतं. त्याने गर्भाशय फाटू शकतं, बाळाचा प्राणवायू तुटतो. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे तासन्‌तास ऑक्सिटोसिन मिळालेलं गर्भाशय पुढे त्याच औषधाला दाद देईनासं होतं, आणि नेमकं गरज असताना सैल पडतं. एका खाटेवर तीन बायकांचा नंबर लागलेला असला की ही घाई होते. तेव्हा नर्सला दोष देण्याआधी खाटा मोजाव्यात.

आणि माणसं मोजावीत. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय घट्ट आहे का, रक्त किती गेलं, नाडी किती, हे पाहायचं असतं. एका बाईसाठी आठ तपासण्या. रात्रपाळीला एकच नर्स असेल, तिच्या ताब्यात चार नुकत्या बाळंतिणी आणि दोन कळा देणाऱ्या, तर ही तपासणी होत नाही, पण कागदावर होते. एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले आठ रकाने ओळखायला पर्यवेक्षकाला दोन सेकंद लागतात. तो ओळखतोही, आणि सही करतो. बाई किमान २४ तास दवाखान्यात राहावी असा नियम असताना खाटांअभावी तिला सहा तासांत घरी पाठवलं जातं, हेही त्यातलंच.

मोठ्या उपकरणांचा मोह इथे आवरायला हवा. बांगलादेशात डॉक्टर सायबा अख्तर यांनी रबरी नळीला कंडोम बांधून, त्यात सलाईन भरून गर्भाशय आतून दाबायची युक्ती काढली. कल्पक आणि स्वस्त. पुढे युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमधल्या अभ्यासात मात्र ही सोय नुसती आणून ठेवल्याने मृत्यू किंवा शस्त्रक्रिया कमी झाल्याचं दिसलं नाही. आधीच्या पायऱ्या वेळेवर झाल्या नसतील तर फुगा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

रक्तपेढीबद्दल थोडक्यात. जिथे सिझेरियन होतं तिथे रक्त हवंच. पेढी नसेल तर निदान साठवण केंद्र. ‘आधी रक्त द्यायला नातेवाईक आणा, मग पिशवी देऊ’ ही प्रथा आणीबाणीत सरळ जीवघेणी आहे.

यावर हरकत घेतली जाते की एकाच कारणाभोवती सगळी यंत्रणा फिरवणं चूक आहे. अंशतः खरं. पण रक्तस्रावासाठी सज्ज असलेली लेबर रूम झटक्यांसाठीही बऱ्याच अंशी सज्ज होते, कारण यंत्रणेची अडचण तिथेही तशीच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दाखवलं. तरी लहान केंद्रात नर्स ते देताना कचरते. पहिला डोस १४ ग्रॅम असतो: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. कुपी १ ग्रॅमची असेल तर चौदा कुप्या फोडायच्या, आणि शिरेतला भाग ८ मिलिलिटर औषधात १२ मिलिलिटर पाणी घालून पातळ करायचा, तेही समोर बाई झटके देत असताना. हे गणित डब्यावर लिहून ठेवलं, चौदा कुप्या आणि पाण्याच्या कुप्या एकत्र बांधून ठेवल्या, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारी ठेवलं, तर भीती निम्मी होते. पहिला डोस देऊन मग बाईला पुढे पाठवायचं. न देता पाठवलं तर ती वाटेत झटके देते.

दुसरी हरकत: सगळ्या बायकांवर खर्च कशाला, ‘जोखमीच्या’ शोधून त्यांच्यावरच करा. हा विचार अनेक देशांनी वर्षानुवर्षं राबवून पाहिला. अडचण अशी की गुंतागुंत होणाऱ्या बहुतेक बायका ‘बिनजोखमीच्या’ यादीतल्याच असतात, आणि जोखमीच्या यादीतल्या बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं. ‘जोखमीची’ असा लाल शिक्का पाहून काहींची काळजी घेतली जाते. उरलेल्यांच्या बाबतीत सगळे निर्धास्त होतात, हे त्याहून वाईट.

आणखी एक बाजू आकड्यांच्या भांडणात कायम मागे पडते. जे गरोदरपण बाईला नकोच होतं, त्यात तिचा जीव धोक्यात घालण्याचं कारण काय? गर्भनिरोधक साधनं केंद्रात नसणं, दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचा सल्ला देऊन साधन मात्र न देणं, किंवा उलट, बाळंतिणीला न विचारता तांबी बसवणं, या एकाच बेफिकिरीच्या तऱ्हा आहेत. तांबी वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा ४८ तासांच्या आत बसवता येते. पण त्याबद्दलचं बोलणं कळा सुरू होण्याआधी व्हायला हवं, कळांमध्ये घेतलेली संमती संमती नसते. गर्भपाताचं तर सरळ उदाहरण आहे. रोमानियाने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली, मातृमृत्यू वाढत गेले. १९८९ च्या शेवटी बंदी उठली आणि एका वर्षात मातृमृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

मृत्यू झाल्यावर काय करायचं, हेही ठरलेलं हवं. इंग्लंडमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातृमृत्यूची गोपनीय छाननी होते. केरळने २००४ पासून ती सुरू केली. छाननीत नावं गाळली जातात, कारण प्रश्न ‘कुणी केलं’ हा नसून ‘कुठे अडलं’ हा असतो. जिथे छाननी म्हणजे निलंबनाची नोटीस, तिथे मृत्यूनंतर पहिलं काम केसपेपर ‘नीट’ करण्याचं होतं. रक्त वाहायला लागल्याची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकते, ऑक्सिटोसिनची मागे. अशा कागदांवरून कुणालाच काही शिकता येत नाही.

रक्त मोजायला सुरुवात केली की एक गोष्ट हमखास होईल, तिची तयारी आधीच करावी लागेल. रक्तस्रावाचं प्रमाण वाढेल. आफ्रिकेतल्या त्या चाचणीत जिथे रेघा नव्हत्या तिथे अर्धे रक्तस्राव ओळखलेच गेले नव्हते. म्हणजे ज्या जिल्ह्यात पहिल्यांदा झोळ्या पोचतील, तिथला आकडा सहा महिन्यांत दुप्पट होऊ शकतो. वरून विचारणा येईल: तुमच्याकडे इतका रक्तस्राव कसा? आणि मग वह्यांमध्ये ४५० मिलिलिटरची गर्दी दिसू लागेल, कारण ५०० लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. आढावा बैठकीत त्या जिल्ह्याला पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारायचा नाही, असं लेखी ठरवावं. विचारायचं ते एवढंच: किती बायकांचं रक्त मोजलं, आणि ५०० च्या रेघेनंतर पहिलं औषध किती मिनिटांनी गेलं.